रंगमंचाचा शेजार

कोकणातील नाटकांचा हंगाम नाटकमंडळी ठरवीत नाहीत, पाऊस ठरवतो. वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या दापोलीसारख्या गावी ज्येष्ठापासून आश्विनाच्या मध्यापर्यंत उघड्यावर मांडव घालण्याचा विचार कोणी शहाणा मनुष्य मनात आणीत नाही. त्यामुळे देवळांचे उत्सव, हौशी मंडळांचे प्रयोग, शाळांची स्नेहसंमेलने, शक्ती-तुऱ्याचे सामने, नमनाचे खेळ आणि अलीकडे ज्यांना महोत्सव अशी भारदस्त संज्ञा प्राप्त झाली आहे ते तीन-तीन दिवसांचे कार्यक्रम, हे सर्व कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या सहा-सात महिन्यांत दाटीवाटीने बसवावे लागतात. लग्नसराई त्यातच, हर्णै-मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यांवर लोटणाऱ्या पर्यटकांचा भर त्यातच, आणि मुलांच्या शालान्त परीक्षाही नेमक्या त्यातच. फाल्गुनात एका घरी पालखीची वाट पाहिली जात असते तेव्हा भिंतीपलीकडच्या घरात दहावीचे पुस्तक उघडे असते, आणि दोन्ही घरांचा आपापला हक्क निर्विवाद असतो. कलेच्या स्थानांविषयी त्यांच्या शेजाऱ्यांची जी कुरबूर आता तालुक्याच्या गावांतूनही ऐकू येऊ लागली आहे, तिचा विचार करताना ही पंचांगाची अडचण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कारण वर्षातून चार वेळा होणारा उपद्रव मनुष्य हसतमुखाने सोसतो, तोच लागोपाठच्या चार शनिवारी झाला की तो अर्ज लिहावयास बसतो.

दापोली हे गाव मुळात विश्रांतीच्या हेतूने वाढले असे म्हणावयास हरकत नाही. पेशवाईच्या अखेरीनंतर १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी येथे छावणी घातली ती समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवरची थंड हवा पाहून. आणि छावणीच्या वैभवाचा काळ ओसरल्यावर येथे उरले ते बहुतांशी निवृत्त शिपाई, सुभेदार आणि त्यांची कुटुंबे. सुभेदार रामजी सकपाळ हे याच पेन्शनर वस्तीत काही काळ राहिले आणि त्यांचे धाकटे चिरंजीव, पुढचे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर, यांच्या बालपणाची काही वर्षे येथे गेली. महामहोपाध्याय काणे आणि साने गुरुजी यांचे शिक्षण येथील मिशनच्या शाळेत झाले. १९७२ साली कृषी विद्यापीठ आले आणि गावाला प्राध्यापक, विद्यार्थी व एक मोठा मोकळा परिसर मिळाला. मात्र खेड, मंडणगड, हर्णै आणि दाभोळ या दिशांनी येणारे रस्ते ज्या ठिकाणी गावात मिळतात तेथली रुंदी बैलगाडीच्या काळची आहे. शनिवारी दुपारी केळसकर नाक्यावर एस.टी.ची एक गाडी वळण घेण्यासाठी पुढेमागे करू लागली म्हणजे तिच्या मागे मुंबई-पुण्याच्या क्रमांकांच्या मोटारींची जी रांग लागते, ती पाहिली की संध्याकाळी आझाद मैदानावर कार्यक्रम आहे या वार्तेने त्या परिसरातील बिऱ्हाडांच्या कपाळी आठ्या का पडतात हे निराळे सांगावे लागत नाही.

या आठ्या पूर्वी नव्हत्या असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु पूर्वीची व्यवस्था निराळी होती आणि तिचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. शिमग्यात गावोगाव फिरणारे खेळे ज्या अंगणात उभे राहत, ते अंगण कोणाचे तरी असे. दोन मृदंग, टाळ, सनई, मागे झांज घेऊन सूर धरणारी मंडळी, काळा झगा, लांब दाढी, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगरांची माळ असा संकासुर, आधी गण, मग गवळण, त्यानंतरची थट्टामस्करी आणि उत्तररात्री वग, असा तो सोहळा गॅसबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत चाले. आवाज त्यालाही होताच. मृदंगावर थाप पडली की शेजारच्या वाडीपर्यंत ती पोहोचे. परंतु त्या वाडीतला मनुष्य घरात पडून तो आवाज ऐकत नसे, तो अंगणात घोंगडी टाकून पुढे बसलेला असे. आणि जो आजारी म्हणून घरी राहिला असेल त्याच्या अंगणात खेळे दुसऱ्या दिवशी आपण होऊन जात. म्हणजे कलावंत, प्रेक्षक, यजमान आणि शेजारी या चार भूमिका एकाच वस्तीतील माणसे आळीपाळीने वठवीत होती, आणि ज्याच्या झोपेचे खोबरे व्हावयाचे तोच नारळ फोडून खेळाचा आरंभ करीत होता. तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध?

आमच्या मते आजच्या साऱ्या वादाचे मूळ येथे, या चार भूमिकांच्या ताटातुटीत आहे. आवाज वाढला हे त्या मानाने दुय्यम कारण होय. रंगमंच जेथे आहे तेथे प्रेक्षक राहत नाही. प्रेक्षक दहा-पंधरा मैलांवरून दुचाकीने अथवा मोटारीने येतो, दोन घटका रमतो आणि निघून जातो. शेजारी जेथे राहतो तेथे त्याला कोणी आमंत्रण देत नाही, त्याच्याकडे येतो तो फक्त आवाज, आणि फाटकासमोर लावलेले परक्याचे वाहन. कलेची गोडी एका माणसाच्या वाट्याला आणि तिचा भार दुसऱ्याच्या, अशी ही विभागणी झाली म्हणजे उत्तमातले उत्तम गाणेही भिंतीपलीकडच्याला गोंगाट वाटू लागते. यात अरसिकता पाहणाऱ्या मंडळींनी स्वतः एकवार ध्वनिवर्धकाच्या मागील बाजूस बिऱ्हाड करून पाहावे.

ध्वनिवर्धकाचे शास्त्र या बाबतीत निष्ठुर आहे. उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे मंचापासून दहा मीटरवर ९५ डेसिबल असलेला आवाज, मध्ये आडोसा नसेल तर, तीनशेवीस मीटरवरच्या ओटीवर पोहोचेपर्यंत पाच वेळा उतरूनही ६५ डेसिबल उरतो, आणि माणसे समोरासमोर बसून बोलतात तो आवाज याच्या जवळपासच असतो. पौष-माघातल्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली म्हणजे वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वाकतो आणि दूरच्या वाडीला जवळच्या आळीइतके स्पष्ट ऐकू येते. घरांची रचना तर अशा आवाजाला दार उघडूनच ठेवते. जांभ्याच्या भिंती जाड खऱ्या, पण वर कौले. कौलांखाली तक्तपोशी नसली तर छपराच्या आणि भिंतीच्या सांध्यातून जशी हवा खेळते तसा आवाजही खेळतो, आणि नव्या पद्धतीच्या ढोलाचा घुमारा तर भिंतीलाही जुमानत नाही, मांडणीवरची भांडी तो ठेका धरतात. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडते ही तक्रार ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते. ज्या घरातली पातेली वाजतात त्या घरात ती वाटत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे लक्ष दिले ते पुष्कळ उशिरा आणि पुष्कळसे मुंबईच्या आग्रहाने. तसे पाहता १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ३८ व्या कलमातच, जवळपास राहणाऱ्या माणसांना त्रास होत असल्यास एखाद्या जागेतील संगीत वा गोंगाट थांबविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पोलिसांना दिलेला आहे. परंतु गावचा फौजदार आणि गावचे उत्सवमंडळ यांच्यातील स्नेहसंबंध लक्षात घेता ते कलम बहुतेक कपाटातच विसावले. मुंबईत डॉ. यशवंत त्र्यंबक ओक यांनी १९८५ साली उच्च न्यायालयात ध्वनिवर्धकांविरुद्ध दाद मागितली, तेव्हापासून हा विषय कोर्टाच्या दप्तरी चढला. पुढे १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले आणि निवासी विभागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० व ४०, अशा मर्यादा ठरल्या. सार्वजनिक स्थळाच्या हद्दीवर विभागाच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक अथवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी त्याच्या पलीकडे आवाज जाऊ नये अशी तजवीज झाली. रात्र म्हणजे दहा ते सहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर जो विस्तृत निकाल दिला, त्याच्या मुळाशी दिल्लीतील एका तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराची घटना होती. तिचा आक्रोश शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या कल्लोळात कोणाच्या कानी पडला नव्हता. ही हकीकत वाचल्यावर नियमांच्या कडकपणाबद्दल कुरकुर करणे जरा जडच जाते. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने पोलीस ठाण्यांतून आवाज मोजण्याची यंत्रे आणि तक्रारीची सोय असलीच पाहिजे असे बजावले.

नियमांना सवलतीचे एक दार आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्रात त्यांतले बहुतेक दिवस गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, वर्षअखेर अशा सर्वांच्या ओळखीच्या सणांत वाटले जातात आणि थोडे स्थानिक गरजेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे राहतात. शांतता क्षेत्राच्या बाबतीत तर २०१७ च्या दुरुस्तीने गंमतच केली. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांत मानले जात होते, ते राज्य सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तसे मानू नये असे ठरले; उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि चारच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली. तालुक्याच्या गावी शाळा, दवाखाना, न्यायालय आणि मामलेदार कचेरी ही सारी एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असल्यामुळे जुना नियम अक्षरशः पाळला असता तर मंडळींना मंच बांधावयास समुद्रच उरला असता, हे खरे. पण म्हणून रुग्णाची झोप अधिसूचनेवर अवलंबून ठेवावी काय, हा प्रश्न राहतोच.

दहाच्या मर्यादेने कलेचे काय केले याचे उदाहरण म्हणून पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाकडे पाहावे. गुरूच्या स्मृत्यर्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून चालविलेला हा उत्सव रात्री बसून पहाटे उठणाऱ्यांचा होता. रात्रीच्या रागांपासून भैरवीपर्यंतचा काळाचा प्रवाह रसिकांच्या अंगावरून प्रत्यक्ष जात असे. नियम आल्यावर मैफली दुपारपासून सुरू होऊन दहाला संपू लागल्या, एखाद्या दिवशी बारापर्यंतची मुभा मिळू लागली. आणि मालकंस किंवा दरबारी यांच्या वेळेला पडदा पाडावा लागू लागला. याची हळहळ वाटणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे. तथापि महोत्सव पूर्वी जेथे भरे त्या रमणबागेच्या भोवती शनिवार पेठेतल्या अरुंद रस्त्यांवर डिसेंबरच्या त्या दिवसांत वाहनांची जी कोंडी होई, तिच्याबद्दल संगीतरसिकांनी फारशी हळहळ व्यक्त केल्याचे आठवत नाही. २०१८ साली महोत्सव मुकुंदनगरातील महाराष्ट्रीय मंडळाच्या विस्तीर्ण क्रीडांगणावर गेला, तेव्हा जुन्या जागेच्या आठवणींनी अनेकांचे डोळे ओलावले. त्या पेठेतील रहिवाशांपैकी किती जणांनी त्या वर्षी प्रथमच आपल्या दारासमोर आपली गाडी लावली असेल याचा विचार करणारा रसिक विरळा.

मुंबईच्या शिवाजी पार्कचे उदाहरण याहून तिखट आहे, कारण तेथे शेजाऱ्यांनी सरळ कोर्ट गाठले. मैदानाभोवती राहणाऱ्या नागरिकांच्या विश्वस्त संस्थेच्या याचिकेवर मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवले. ज्या मैदानाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकल्या त्याला मौनाची शिक्षा, असा आक्रोश झाला. पण आक्रोश करणाऱ्यांत तेथे राहणारे थोडे होते. पुढे २०१६ च्या शासननिर्णयाने वर्षातील ४५ दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी राखून देऊन मध्यम मार्ग काढला गेला. दिवसांची संख्या योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवला तरी, वर्षातले कोणते दिवस आपले नाहीत हे शेजाऱ्याला आधी कळणे, ही गोष्टच अर्धा राग शमविणारी आहे.

कोकणच्या माणसाला मात्र या दोहोंपेक्षा जवळचे उदाहरण परळच्या दामोदर नाट्यगृहाचे. १९२२ साली गिरणगावात उभ्या राहिलेल्या या नाट्यगृहात दापोली, खेड, मंडणगड, गुहागर, संगमेश्वर येथल्या चाकरमान्यांनी आपले नमन आणि आपला शक्ती-तुरा नेला. गावच्या अंगणात रात्रभर चालणारा सवाल-जवाब तेथे तिकिटाच्या वेळेत बसू लागला, शाहीर घड्याळाकडे पाहून गाऊ लागले, आणि तरीही थिएटर भरत राहिले. नवलाची गोष्ट ही की दाट वस्तीच्या मध्यभागी असूनही दामोदरचा शेजार शत्रुत्वाचा म्हणून कधी गाजला नाही. याचे एक कारण भिंती आणि छप्पर हे असेल. परंतु दुसरे कारण असे की तेथला प्रेक्षक लालबाग-परळच्या चाळींतून चालत येत होता. खेळ सुटल्यावर रस्त्यावर माणसे येत, वाहने येत नसत. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झाले, त्यावर कलावंतांनी निषेध केला तो रास्तच होता. त्याच्या जागी जे उभे राहील त्याचा प्रेक्षक पायी येईल काय, हे मात्र गिरणगावात आता कोण राहतो यावर ठरणार.

पायी येणारा आणि वाहनाने येणारा प्रेक्षक, हा भेद कायद्याच्या पुस्तकात कोठे आढळत नाही. बंदिस्त सभागृहाच्या आतील आवाजाला दहानंतरही मुभा आहे, म्हणून चांगल्या भिंतींचे सभागृह बांधले की प्रश्न सुटला असे संस्थांचे चालक समजतात. प्रत्यक्षात शेजाऱ्याचा खरा छळ प्रयोग संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात होतो. टाळ्या थांबतात आणि दारे उघडतात. दीडशे दुचाकी एका वेळी सुरू होतात, त्यांतल्या दहा-पंधरा सुरू होत नाहीत म्हणून त्यांना लाथा बसतात. मोटारींची दारे धाडधाड मिटतात. आधी कोणी निघावे याचा निवाडा भोंग्याने केला जातो. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी उभे राहून तिसऱ्या अंकाची समीक्षा वरच्या पट्टीत चालते. आणि हे सर्व पांगले की नेपथ्याचा टेम्पो मागे घेत घेत दाराशी लागतो, फळ्या आदळतात, लोखंडी पायऱ्या खणखणतात, आणि गाडी मागे घेताना वाजणारी ती किरटी धून सर्वांत शेवटी. यांतल्या एकाही आवाजाला परवाना लागत नाही. ध्वनिमापक यंत्र घेऊन आलेला शिपाई तोवर घरी गेलेला असतो.

या बाबतीत परदेशी एक तत्त्व अलीकडे मान्यता पावले आहे, ते असे की जो मागाहून येऊन परिस्थिती पालटवतो त्याने त्या बदलाची जबाबदारी घ्यावी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली आणि इंग्लंडने २०१८ साली आपल्या नगररचनेच्या धोरणात ते घातले; जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत बांधणाऱ्याने खिडक्यांना आवाज रोखणारी तावदाने स्वतःच्या खर्चाने बसवावीत, आणि जुन्या वस्तीशेजारी नवे संगीतगृह काढणाऱ्याने भिंती जाड कराव्यात. आपल्याकडील वहिवाटीच्या कल्पनेशी हे पुष्कळ जुळते. दापोलीच्या परिसरात गेल्या काही वर्षांत मुंबई-पुणेकरांची सुटीतली घरे व संकुले बरीच उभी राहिली. निवांतपणाची जाहिरात वाचून ज्याने तेथे घर घेतले, त्याने शिमग्याच्या ढोलाविरुद्ध अर्ज करावा हे वहिवाटीत बसत नाही, कारण ढोल त्याच्या आधीचा. परंतु त्याच शिमग्याला जनरेटर, चार-चार मनोऱ्यांचे ध्वनिवर्धक आणि बाहेरगावच्या वाद्यवृंदाची बस आणली, तर तेथे मागाहून आलेला कोण, हेही मंडळाने प्रामाणिकपणे सांगावे. वहिवाट खालू बाजा या गावच्या वाद्यमेळाची आहे, मनोऱ्यांची नाही.

आणि येथेच नियमाकडूनही एक अन्याय होतो, तो नमूद केला पाहिजे. २०१० च्या दुरुस्तीपासून रात्री दहानंतर उघड्या जागी केवळ ध्वनिवर्धकच नव्हे तर वाद्ये आणि आवाज करणारी इतर साधनेही बंदीत आली. म्हणजे अक्षरशः पाहता, वाडीच्या अंगणात विजेच्या मदतीशिवाय वाजणारा मृदंग आणि सहा फुटी पेटाऱ्यांतून फुटणारा ढोल हे दोन्ही एकाच पंक्तीला बसले. फौजदार सुज्ञ असतो तेथे हे अंतर तो मनानेच जाणतो आणि खेळ्यांना जाऊ देतो. परंतु एखाद्या कलेचे आयुष्य फौजदाराच्या सुज्ञतेवर टांगून ठेवणे बरे नव्हे. सिंधुदुर्गातील दशावताराचीही हीच अवस्था आहे, कारण ज्या नाट्याची उत्तररात्र हीच रंगत, ते संध्याकाळी सहाला सुरू करून दहाला मिटविले तर उरतो तो केवळ त्याचा वेष. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती राहणारे थोडे दिवस शहरी महोत्सवांना देण्यापूर्वी ते या रात्रभराच्या खेळांना, ध्वनिवर्धक न लावण्याच्या अटीवर, द्यावेत असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी गावाने पौषातच अर्ज करावा, फाल्गुन उजाडल्यावर आमदारांना दूरध्वनी करीत बसू नये.

तिकिटाच्या नाटकांची गोष्ट निराळी. दोन-अडीच तासांचे आजचे नाटक साडेसहाला सुरू झाले तर नवाला सुटते, आणि नवाला गावाची झोप लागलेली नसते. साडेनवाचा प्रयोग हा पुण्या-मुंबईचा शिरस्ता तालुक्याच्या गावी चालवण्याचे कारण इतकेच की मोठ्या नटांची गाडी दुपारचा प्रयोग दुसरीकडे उरकून येते. हे कारण शेजाऱ्याच्या झोपेपेक्षा मोठे नाही. नगरपंचायतीने मैदान अथवा सभागृह देताना भाड्याच्या पावतीबरोबर दोन अटी लिहून घ्याव्यात: नेपथ्याची गाडी रात्रीच भरावयाची की सकाळी, याचा उल्लेख असावा, आणि वाहने कोठे लावली जाणार याची जागा नकाशावर दाखवावी. गावाबाहेर विद्यापीठाच्या बाजूस जागा आहे, गावात ती नाही, हे डोळ्यांना दिसते. एस.टी.चे महामंडळ जत्रेला जादा गाड्या सोडते, त्याच धर्तीवर प्रयोगाच्या रात्री हर्णै रस्त्याला एक, दाभोळ रस्त्याला एक आणि खेडकडे एक अशी जादा गाडी मागून घेणे मंडळाला अवघड नाही. तिकिटाच्या दरात दहा-वीस रुपये अधिक पडतील. एका गाडीत चाळीस-पंचेचाळीस माणसे बसतात, म्हणजे निदान वीस-बावीस दुचाकी त्या रात्री कोणाच्या फाटकासमोर उभ्या राहत नाहीत. आगारप्रमुखाकडे अर्ज मात्र मंडळाच्या शिक्क्यानिशी आणि निदान आठ दिवस आधी करावा.